लॅपटॉपवर इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणे : योजनेतून लॅपटॉप मिळालेल्यांसाठी माहिती

शासकीय योजनेतून मिळालेला लॅपटॉप दोन-तीन वर्षांत हळू होतो किंवा एके दिवशी विंडोज सुरूच होत नाही. नेमकी तेव्हाच शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, बोनाफाइड या सगळ्यांचे स्कॅन त्याच लॅपटॉपमध्ये असतात. दुकानात नेल्यावर बहुतेक वेळा एकच उपाय सांगितला जातो : फॉरमॅट करावे लागेल. फॉरमॅट केल्यावर लॅपटॉप सुरू होतो, पण आतली कागदपत्रे जातात.

अशा वेळी लॅपटॉपमधील काहीही न पुसता, पेन ड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवता येते. ती विनामूल्य असते, तिच्यासाठी परवाना लागत नाही आणि ती लॅपटॉपवर बसवावीही लागत नाही. ही माहिती त्याविषयी आहे. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज १० आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही.

सूचना : ही माहिती लॅपटॉप आणि डेस्कटॉपसाठी आहे. काही राज्यांच्या योजनांत लॅपटॉपऐवजी अँड्रॉइड टॅबलेट दिला जातो. त्यावर ही पद्धत चालत नाही.

'लाइव्ह' म्हणजे काय

लॅपटॉप सुरू होताना आपली ऑपरेटिंग सिस्टिम हार्ड डिस्कवरून वाचतो. ती डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरून वाच, असे त्याला सांगता येते. पेन ड्राइव्हवरची सिस्टिम मग लॅपटॉपच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये चालते आणि हार्ड डिस्कला हात लावत नाही. लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह काढला की पुढच्या वेळी विंडोज पूर्वीसारखेच सुरू होते. काही ठिकाणी यासाठी 'थेट सत्र' असा मराठी शब्द दिसतो. पण पडद्यावर 'लाइव्ह' हाच शब्द येत असल्याने येथे तोच ठेवला आहे.

ही पद्धत नवी नाही. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' ही सीडीवरून थेट चालणारी लिनक्स प्रणाली तयार केली आणि ती जगभर लोकप्रिय झाली. आज सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे.

लिनक्स आपल्याकडच्या सरकारी कामातही अनोळखी नाही. सी-डॅकने डेबियनच्या आधारे 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स ही प्रणाली तयार केली असून तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपपैकी अनेकांत विंडोजच्या जोडीला बॉस होते. केरळमधील सरकारी शाळांतले संगणक 'काइट' या संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. मध्य प्रदेशात गुणवंत बारावी विद्यार्थ्यांच्या खात्यात लॅपटॉपसाठी २५,००० रुपये जमा केले जातात. लॅपटॉप विद्यार्थ्याने स्वतः घ्यायचा असतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला स्वस्त लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स चालवण्याचा पर्यायही अशा लाभार्थ्यांना खुला आहे.

कोणती प्रणाली घ्यावी

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत आणि 'सर्वांत चांगले कोणते' यावर लोक तासन् तास वाद घालतात. फॉर्म भरायचा असेल आणि फाइल काढायच्या असतील तर त्या वादात पडण्याचे कारण नाही. लॅपटॉपची रॅम पाहून ठरवावे.

रॅम ८ जीबी असेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी काहीही चालेल. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्यावी, ती हलकी आहे. २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपसाठी पप्पी लिनक्स आहे. पण एवढ्या रॅमवर प्रणाली चटकन सुरू झाली तरी आजची संकेतस्थळे जड असतात. एका वेळी ब्राउझरची एकच खिडकी उघडी ठेवून काम करावे लागेल.

डाउनलोडचा आकारही पाहावा. उबुंटू २४.०४ ची फाइल ६ जीबीच्या आसपास आहे, मिंटची ३ जीबीच्या जवळपास. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरणार नाही. महाविद्यालयातील वाय-फाय वापरावे किंवा ज्याच्याकडे आधीच तयार पेन ड्राइव्ह आहे त्याच्याकडून घ्यावा. फाइल त्या-त्या प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. या फाइलला 'आयएसओ' म्हणतात. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

पेन ड्राइव्ह तयार करणे

८ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह लागतो. त्यावर आधीचे जे काही असेल ते सर्व पुसले जाईल, म्हणून तो रिकामा करून घ्यावा. स्वतःचा लॅपटॉप बंद पडला असेल तर हे काम मित्राच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर करावे लागेल.

आयएसओ फाइल नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडतात. पेन ड्राइव्हवर फाइल दिसते, पण लॅपटॉप तिच्यावरून सुरू होत नाही. विंडोजवर यासाठी 'रुफस' नावाचा छोटा विनामूल्य प्रोग्राम आहे. तो उघडून वरच्या रकान्यात पेन ड्राइव्ह निवडावा, त्याखाली आयएसओ फाइल निवडावी, बाकीचे पर्याय आहेत तसे ठेवून 'स्टार्ट' दाबावे. वरच्या रकान्यात दुसरीच एखादी हार्ड डिस्क निवडली गेलेली नाही ना, हे 'स्टार्ट' दाबण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

आयएसओ निवडलेल्या जागेशेजारी टिकमार्कचे छोटे बटण असते. ते दाबल्यावर रुफस त्या फाइलची 'शा-२५६' ही लांबलचक ओळख दाखवतो. प्रणालीच्या अधिकृत पानावरही तीच अक्षरे-अंक दिलेले असतात. दोन्ही जुळले तर फाइल पूर्ण उतरली आहे आणि मध्ये कोणी बदललेली नाही. तुटक नेटवर उतरवलेल्या फाइलसाठी ही दोन मिनिटांची तपासणी जरूर करावी. अर्धवट फाइलमुळे पुढे येणाऱ्या अडचणी ओळखणे फार अवघड जाते.

सुरू करण्याआधी रिकव्हरी की

विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असू शकते. याला बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. लॅपटॉपच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये काही बदल केले तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर तुमच्याच फाइल तुम्हाला उघडता येणार नाहीत.

ही की बहुतेक वेळा लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉग-इन करून ती पाहता येते. कागदावर लिहून ठेवावी. योजनेतून मिळालेला लॅपटॉप शाळेत किंवा वितरणाच्या ठिकाणी दुसऱ्याच कोणीतरी पहिल्यांदा सुरू करून दिला असेल, तर की त्या व्यक्तीच्या खात्यात असू शकते. अशा वेळी संबंधित शिक्षकांकडे किंवा नोडल अधिकाऱ्यांकडे आताच विचारणा करावी. लॅपटॉप बिघडल्यावर ही शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

उबुंटू, डेबियन आणि लिनक्स मिंट 'सिक्युअर बूट' चालू असतानाही सुरू होतात. इंटरनेटवरील अनेक व्हिडिओंत पहिलीच पायरी म्हणून ते बंद करायला सांगतात. या तीन प्रणालींसाठी तसे करू नये. रिकव्हरी कीचा प्रश्न बहुधा तिथूनच निर्माण होतो.

लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करणे

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करावा आणि कंपनीचे नाव दिसताच बूट मेनूची कळ दोन-चार वेळा दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ १२ असते, एचपीवर आधी एस्केप व मग एफ ९, आसूसवर एस्केप. एसरवरही एफ १२ आहे, पण काही मॉडेलमध्ये आधी एफ २ दाबून सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. कळ लागत नसेल आणि विंडोज सुरू होत असेल तर सोपा मार्ग आहे : शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट'वर क्लिक करावे, येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडावे आणि यादीतून यूएसबी घ्यावी.

काही योजनांतील लॅपटॉपना या सेटिंगसाठी पासवर्ड घातलेला असतो. तो तोडण्याचा प्रयत्न करू नये. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर शाळेमार्फत किंवा सेवा केंद्रामार्फतच जावे.

पुढची पायरी प्रत्येक प्रणालीत थोडी वेगळी आहे. लिनक्स मिंट सरळ डेस्कटॉपवर पोहोचते. तिथे 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असे चिन्ह दिसते, त्याला हात लावू नये. उबुंटू २४.०४ मात्र भाषा, कीबोर्ड, नेटवर्क असे प्रश्न विचारत जाते आणि मग दोन पर्याय देते : 'इन्स्टॉल उबुंटू' आणि 'ट्राय उबुंटू'. येथे 'ट्राय'च निवडावे. आधीच्या प्रश्नांची उत्तरे देताना आपण इन्स्टॉल तर करत नाही ना अशी भीती वाटते, पण या टप्प्यापर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही.

वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नये. काही वाय-फाय चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलमधील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. बहुतेक लॅपटॉपवर नेट लगेच सुरू होते.

मराठीत लिहिण्यासाठी सेटिंगमधील कीबोर्ड विभागात जाऊन भारतीय लेआउटमधून मराठी निवडावे. त्यात इनस्क्रिप्ट मिळते आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा पर्यायही असतो. उबुंटूत भाषा बदलण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबावी. पडद्यावरचे मेनू मात्र बरेचदा इंग्रजीतच राहतात.

अर्ज भरताना पावतीकडे लक्ष

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, महाडीबीटी, डिजिलॉकर ही सर्व ब्राउझरमध्ये चालतात. लिनक्समधील फायरफॉक्समध्ये ती तशीच उघडतात. ओटीपी मोबाइलवर येतो, चेहऱ्याने आधार पडताळणी असेल तर तीही मोबाइलवरील अ‍ॅपमधूनच होते. त्यामुळे लॅपटॉपवर कोणती सिस्टिम आहे याचा तिथे संबंध येत नाही. पीडीएफ स्वरूपातील ई-आधारही उघडते. पासवर्ड नेहमीचाच : नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष.

खरी अडचण दुसरीच आहे. लाइव्ह प्रणालीत 'डाउनलोड्स' किंवा 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेली फाइल रॅममध्ये असते. लॅपटॉप बंद केला, बॅटरी संपली, चुकून पेन ड्राइव्ह निघाला, तर ती गेली. अर्ज सादर झाल्यावर मिळणारी पावती उतरवून घेतली आणि निश्चिंतपणे लॅपटॉप बंद केला, तर दुसऱ्या दिवशी ती कुठेच नसते. अर्ज पोर्टलवर सुरक्षित असतो, पण महाविद्यालयात जमा करायची प्रत आणि अर्ज क्रमांक हाताशी राहत नाही. म्हणून सुरुवातीलाच दुसरा पेन ड्राइव्ह लावून ठेवावा आणि प्रत्येक फाइल थेट त्यावर साठवावी. दुसरा पेन ड्राइव्ह नसेल तर मोबाइल केबलने जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडावे किंवा फाइल स्वतःलाच ईमेल करावी. अर्ज क्रमांक वहीतही लिहावा.

रुफसमध्ये पेन ड्राइव्ह तयार करताना 'पर्सिस्टंट' नावाची पट्टी सरकवून थोडी जागा राखून ठेवता येते. उबुंटू व डेबियनमध्ये मग काही फाइल व सेटिंग टिकतात. रोज लाइव्ह वापरणाऱ्यांना ते सोयीचे आहे. मात्र पेन ड्राइव्ह हरवला की त्यावर साठवलेले पासवर्डही दुसऱ्याच्या हाती जातात, हे ध्यानात ठेवावे.

बंद पडलेल्या विंडोजमधून कागदपत्रे काढणे

लाइव्ह प्रणालीत फाइल्सची खिडकी उघडली की डाव्या बाजूला लॅपटॉपची डिस्क दिसते. तिच्यावर क्लिक करून 'युझर्स' फोल्डर, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', 'डेस्कटॉप' असे शोधत जावे. हवे ते निवडून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करावे. 'कट' वापरू नये, 'कॉपी'च करावी.

डिस्क कुलूपबंद असेल तर येथे तीच ४८ अंकी की विचारली जाते. डिस्क उघडते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही असा संदेश आला, तर ते बिघाडाचे लक्षण नाही. विंडोज नेहमीच्या 'शट डाउन'मध्ये पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. म्हणून लिनक्स खबरदारी घेऊन ती डिस्क फक्त वाचायला देते. कॉपी करण्यासाठी तेवढे पुरते.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा कॉपी सारखी अडकत असेल तर डिस्क स्वतःच निकामी होत आहे. अशा वेळी आधी दाखले व गुणपत्रके घ्यावीत. गाणी आणि चित्रपट नंतर, वेळ मिळाला तर. 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडून तिथले 'फॉरमॅट' दाबून पाहण्याचा मोह टाळावा. तो प्रोग्राम खरोखरच डिस्क पुसतो. लाइव्ह असला तरी.

जे या पद्धतीने होत नाही

बोटांचे ठसे घेणारी बायोमेट्रिक यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यांचे ड्रायव्हर मुख्यतः विंडोजसाठी असतात. ती कामे सेतू केंद्रात किंवा सामायिक सेवा केंद्रात करावीत. काही प्रिंटरही लगेच ओळखले जात नाहीत, म्हणून पीडीएफ करून बाहेरून छापून घेणे सोपे.

वर्डच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात. मात्र श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी मजकूर तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतील. फाइल खराब झालेली नसते, त्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. प्रतिज्ञापत्र किंवा हमीपत्र दुसऱ्याकडून टाइप करून घेताना युनिकोडमध्ये मागावे, निदान पीडीएफ तरी घ्यावी.

दुसऱ्याच्या संगणकावर

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून काम केल्यास त्या संगणकावर तुमचा ब्राउझिंग इतिहास किंवा पासवर्ड उरत नाही. म्हणून सायबर कॅफेत तो वापरावासा वाटेल, पण मालकाच्या परवानगीशिवाय तसे करू नये. बनावट संकेतस्थळापासूनही लाइव्ह प्रणाली वाचवत नाही. खोट्या पानावर तुम्हीच आधार क्रमांक आणि ओटीपी भरला तर कोणतीही सिस्टिम काही करू शकत नाही. 'केंद्र सरकार सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देत आहे, या दुव्यावर नोंदणी करा' अशा आशयाचे संदेश पीआयबी फॅक्ट चेकने वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. अशा दुव्यातून पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

काम झाल्यावर

मेनूतून 'पॉवर ऑफ' निवडावे. पडद्यावर पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबण्याची सूचना येते, त्याप्रमाणे करावे. त्यानंतर विंडोज सुरू केल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात आंतरराष्ट्रीय वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते, एवढेच त्याचे कारण. वेळ चुकलेली असताना काही संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' असे सांगून उघडत नाहीत. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डेट अँड टाइम' उघडून 'सिंक नाऊ' दाबले की वेळ पुन्हा बरोबर होते.